करवतीचा घास

करवतीच्या दात्यांची जेवढी रुंदी, तेवढं लाकूड प्रत्येक कापासरशी नाहीसं होतं. फळी कापली की दोन तुकडे हातात येतात. पण त्या दोन तुकड्यांची रुंदी मोजून बेरीज करा, ती मूळ फळीएवढी भरत नाही. मधलं थोडंसं करवतीने खाल्लेलं असतं. हाताने चालवायच्या बारीक करवतीचा घास एखाद्या मिलिमीटरचा, यंत्रावरच्या गोल करवतीचा ३ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा फटीचं काय ते, असं वाटतं खरं. पण एखाद्या जाड ठोकळ्यातून १८ मिलिमीटरच्या पट्ट्या काढायला बसलं, तर दर २१ मिलिमीटरांतले ३ भुशात जातात. म्हणजे सातवा हिस्सा. असे सात ठोकळे कापून झाले की त्यांतला एक नुसता भुसा होऊन पायाखाली पडलेला असतो.

आणि ही झाली ठोकळ्याची गोष्ट. त्याआधी ओंडक्याची गोष्ट असते. झाड गोल वाढतं, आपल्याला हवं असतं चौकोनी. वर्तुळात बसणारा मोठ्यात मोठा चौरस काढला तरी तो वर्तुळाची ६४ टक्क्यांहून थोडी कमीच जागा व्यापतो. बाकीचं सालीकडचं जातं. मग करवतीचे घास. मग वाळताना पडलेल्या चिरा, गाठी, रंध्याने काढलेली साल, सांध्यासाठी पटाशीने कोरून काढलेली खाच. खुर्ची किंवा कपाट होऊन घरात येतं ते खोडाच्या निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात साठ-सत्तर वर्षं उभा राहिलेला साग आपण तोडून आणतो, बाजारात ‘बल्लारशा’ म्हणून घनफुटावर मोजून घेतो, पॉलिश झाल्यावर त्याच्या रेषा कौतुकाने दाखवतो. आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. माझ्या मनात मात्र हा प्रश्न लहानपणापासून घर करून आहे, कारण ते उरलेलं अर्धं आमच्या दारावरून जात असे.

पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटपासून आमचं घर जवळ होतं. वखारींच्या रांगा, उभ्या करून ठेवलेले वासे, आणि दिवसभर चालणारा यंत्रकरवतीचा आवाज. लाकूड करवतीत शिरताना तो आवाज जाड असायचा, बाहेर पडताना एकदम पातळ आणि उंच व्हायचा. पाहुणे त्या आवाजाने वैतागत, आम्हाला तो ऐकूसुद्धा येत नसे. वास मात्र रोज नव्याने यायचा. सागाचा भुसा तेलकट, सोनेरी तपकिरी. मुठीत घेतला तर हाताला किंचित ओशटपणा राहतो आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास दिवसभर जात नाही. शिसवीचा भुसा जांभळट काळा. आंब्याचा फिका, जवळजवळ पिठाच्या रंगाचा, फारसा वास नसलेला. कडुनिंब कापत असले तर रस्त्याने जाणाऱ्याच्या घशालासुद्धा कडू लागायचं. देवदाराच्या खोक्यांची लाकडं कापली जात तेव्हा राळेचा वास सुटायचा आणि तो मला सर्वांत आवडायचा. कुठल्या वखारीत आज काय कापलं जातंय, हे आम्ही मुलं डोळे मिटून सांगू शकत होतो.

हा भुसा पोत्याने आमच्याकडे यायचा. आजी हातगाडीवाल्याला विचारायची, “कोरडा आहे ना रे? मागच्या खेपेला ओला टाकून गेलास. डोळे गेले माझे.” तो पोत्यात हात घालून मूठभर काढून दाखवायचा. आजी तो भुसा हातात चोळून, मुठीतून सोडून बघायची. सुटासुटा पडला तर पोतं घरात, नाहीतर परत.

भुशाची शेगडी भरणं हे आमच्या घरातलं कसबाचं काम होतं आणि ते आजी दुसऱ्या कुणाकडे सोपवत नसे. डालड्याचा मोठा डबा, त्याच्या तळाशी एका बाजूला मूठ जाईल एवढं भोक. त्या भोकातून लाकडाचा एक दांडा आडवा आत सरकवायचा. डब्याच्या मधोमध एक रिकामी बाटली उभी करायची, अशी की दांड्याचं टोक बाटलीच्या बुडाला टेकेल. मग भोवताली भुसा घालत जायचा आणि ठासत जायचा. आधी मुठीने, मग वरवंट्याने. थर थोडा, ठासणं फार. डबा काठोकाठ भरला की बाटली हळूहळू गोल फिरवत वर उपसायची, आणि दांडा तसाच फिरवत बाहेर ओढायचा. या क्षणी आजी आम्हाला बोलूही देत नसे, कारण धक्का लागला तर सगळं ढासळायचं. नीट निघालं की डब्यात काटकोनात वळलेली पोकळी उरायची: खालून हवा आत, वरून ज्वाळा बाहेर. रॉकेलचा बोळा पेटवून खालच्या भोकात सारला की आग त्या पोकळीच्या भिंतीला धरायची आणि आतून बाहेरच्या अंगाला सावकाश सरकत राहायची. फुंकायला नको, लाकूड पुढे सारायला नको. डाळ व्हायची, भाजी व्हायची, आंघोळीचं पाणी तापायचं, आणि शेवटच्या धगीवर दुधाचं पातेलं ठेवून आजी जपाला बसायची. वखारीत जो भुसा पायाखाली तुडवला जाई, त्यावर घराचा अर्धा दिवस निघायचा.

त्या शेगडीचं मी उगाच गोडवे गाणारं वर्णन करणार नाही. भुसा जरा ओलसर निघाला की घरभर धूर कोंडायचा, आणि त्या धुराची किंमत आजीच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली. गॅस आला ते उत्तमच झालं. मला आठवण येते ती वेगळ्याच गोष्टीची. लाकूडकामातून जे काही उरे, त्याला जायला जागा असे. एक नाही, पुष्कळ.

मोठे तुकडे बंबासाठी ढलप्या म्हणून वजनावर विकले जात. त्याहून बरे तुकडे कातारी घेऊन जाई आणि त्यांची लाटणी, रव्या, भोवरे होत. सुतारकाकांच्या दुकानासमोर आम्ही शाळेतून येताना घुटमळायचो. मर्जी असली तर ते एखाद्या तुकड्याला दोन्ही टोकांना वाकसाने चार घाव घालून विटी करून देत. रंध्यातून निघालेल्या पातळ सालींची भेंडोळी काचसामान बांधणारे पोत्यात भरून नेत. भुसा गॅरेजवाले नेत, जमिनीवर सांडलेलं तेल टिपायला. कोंबड्या पाळणारे खुराड्यात अंथरायला नेत. बर्फवाला लाद्यांवर घालायला नेई. गोणपाटाखालून ती भुसा चिकटलेली लादी निघायची, तो पाण्याने धुऊन टाकायचा आणि मग आतलं निळसर पारदर्शक बर्फ दिसायचं. सर्कस गावात आली की रिंगणात भुसा. आणि दिवाळीत तर आम्हीच गिऱ्हाईक. किल्ल्यावर अळीव, मोहरी पेरायला उशीर झाला तर हिरव्या रंगात भुसा कालवून, उन्हात वाळवून त्याची हिरवळ करायची. शिवाजी महाराजांच्या सिंहासनासमोरची हिरवळ भवानी पेठेतल्या भुशाची असे आणि ती अस्सल हिरवळीपेक्षा जास्त हिरवी दिसे.

सुतार स्वतःही भुसा वापरी. चिरेत, खिळ्याच्या भोकात भरायला त्याच लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवून लुकण करायचं, म्हणजे रंगात रंग मिळतो. चंदनाचं काम करणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. चंदनाचा भुसा, तासताना उडालेल्या बारीक ढलप्या, मुळाचे तुकडे, सगळं वेगवेगळं गोळा होतं, त्यातून तेल काढलं जातं आणि प्रत्येकाला स्वतंत्र भाव असतो. चंदनाच्या कारखान्यात कचरा निघतच नाही. झाडाझाडांत फरक आहे हे खरं, पण आपल्या वागण्यातला फरक त्याहून मोठा आहे.

भुशावर एका काळी अख्खा आंतरराष्ट्रीय व्यापार उभा होता, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. १८३३च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. सप्टेंबरात ते पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शाबूत होतं. या धंद्याचा करता करविता फ्रेडरिक ट्यूडर. गोठलेल्या तळ्यांचं बर्फ कापून उष्ण देशांत विकायचं हे त्याचं वेड लोकांना आधी खुळेपणाचं वाटलं होतं. त्याच्या धंद्याला ज्या गोष्टींनी हात दिला, त्यांत मेन प्रांतातल्या लाकूडगिरण्यांचा भुसा होता. तोवर या गिरण्यांना त्या भुशाचं काय करावं कळत नसे. तो नदीकाठी साचायचा, पाण्यात सुटायचा. बर्फाच्या लाद्यांमध्ये तो भरला की उन्हाळाभर बर्फ टिकतं हे दिसलं आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला पैसे पडू लागले. मुंबईलाही पुढे हे अमेरिकी बर्फ येत असे. मेनच्या पाइनचा भुसा आणि भवानी पेठेतल्या आमच्या बर्फवाल्याचा भुसा, काम एकच.

१९२४च्या सुमाराला अमेरिकेतच, मिसिसिपीतल्या लॉरेल गावात, विल्यम मेसन नावाच्या माणसाने गिरण्यांमागे ढीग लागलेल्या ढलप्यांकडे बघून असाच विचार केला. त्याने त्या बंद नळकांड्यात कोंडल्या, प्रचंड दाबाची वाफ सोडली आणि झाकण एकदम उघडलं. ढलप्या फुटून त्यांचा नुसता तंतू झाला. तो तंतू गरम दाबाखाली दाबला तर लाकडातच असलेल्या लिग्निनने तो पुन्हा जुळून येतो, त्याचा कडक पातळ तक्ता होतो. हाच हार्डबोर्ड. दहावीच्या परीक्षेला आपण वर चिमटा लावलेलं जे तपकिरी पॅड घेऊन गेलो, एका बाजूने गुळगुळीत आणि मागच्या बाजूने जाळीदार खरबरीत, ते याच युक्तीचं वंशज. रेडिओच्या पाठीला, कपाटाच्या पाठीलाही तेच असे. मूळ युक्तीत बाहेरचा गोंद जवळजवळ लागतच नव्हता, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण पुढे सगळं बिघडलं ते गोंदापाशी.

प्लायवूड ही वाईट वस्तू आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ओंडका फिरता ठेवून लांब पात्याने त्याचा पातळ पापुद्रा सोलत जायचा, ते पापुद्रे आडवे-उभे एकावर एक चिकटवायचे. यात करवतीचा घासच पडत नाही, लाकडाची बचतच होते. भुशापासून आणि तुकड्यांपासून होणारा पार्टिकल बोर्ड, तंतूंचा एमडीएफ हेही मुळात उरलेल्या लाकडाला कामाला लावण्यासाठीच जन्मले. पण ते चिकटवायला युरिया किंवा फिनॉलसोबत फॉर्माल्डिहाइडची राळ लागते. वर सनमायका चिकटतो, कडेला पीव्हीसीची पट्टी बसते, आत रंग, पॉलिश, वाळवीचं औषध. अशा तक्त्याचा तुकडा कातारी घेत नाही. त्याची विटी होत नाही. त्याचा भुसा कोंबड्यांखाली अंथरता येत नाही, खतात घालता येत नाही. एका दमात सगळी दारं बंद.

आज घरात फर्निचरचं काम निघालं की इमारतीच्या पार्किंगमध्ये मिस्त्रींचं यंत्र लागतं. संध्याकाळपर्यंत भोवताली जे साठतं त्यात सागाच्या पट्टीचे तुकडे असतात, प्लायचे असतात, सनमायकाच्या धारदार चिरफळ्या असतात, फेविकॉलचे डबे, वाकडे खिळे, घासकागदाचे तुकडे, आणि या सगळ्यावर बसलेला भुसा. झाडून एकाच पोत्यात भरतात. हाच तो क्षण आहे ज्याच्याविषयी मला बोलायचं आहे. सागाच्या तुकड्याला पोत्यात पडेपर्यंत अजून वीस वाटा मोकळ्या होत्या. पोत्यात पडल्यावर एकही उरत नाही, कारण त्या मिसळीतून त्याला वेचून काढायला पुन्हा कुणी बसत नाही. मग पोतं कचराडेपोत जातं, किंवा कुणीतरी जळण म्हणून स्वस्तात उचलतं.

जळण म्हणून उचलतं तेव्हा ते कुठे जळतं, हेही एकदा पाहायला हवं. मुंबईच्या कितीतरी बेकऱ्या लाकडावर चालत आल्या. चांगलं सरपण महाग, भंगार लाकूड स्वस्त. म्हणून मोडकं फर्निचर, पाडलेल्या घरांच्या चौकटी, प्लायचे तुकडे भट्टीत जात. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेच्या पाहणीत हे नोंदलं गेलं. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. बेकरीवाल्यांची अडचण खरी आहे; पावाचा भाव वाढला की तो पाव खाणाऱ्याचंच पोट जळतं. पण लाकडाबरोबर राळ, रंग आणि प्लास्टिकची पट्टी जळताना जो धूर निघतो तो कुठल्याच गल्लीने सोसावा असा नाही. भट्टीत पोचण्याआधी ते तुकडे आपल्याच पार्किंगमधून निघालेले असतात. होळीतही तेच. पूर्वी सुताराकडून मागून आणलेल्या लाकडांनी होळी रचायचे, आता त्यात सनमायका लावलेली कपाटाची दारं दिसतात. ती ओढून बाजूला काढताना मी शेजाऱ्यांचा रोष घेतला आहे आणि पुन्हा घेईन.

भुशाविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत जास्त लागते. रंध्याने निघालेली साल जमिनीवर पडते. करवतीचा भुसाही बराचसा खाली बसतो. घासकागदाने आणि घासायच्या यंत्राने जी बारीक धूळ उडते, ती मात्र लवकर खाली बसत नाही. ती बराच वेळ हवेतच राहते, आणि काम करणारा ती दिवसभर आत घेतो. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांना दिसू लागलं की नाकाच्या पोकळीत होणारा, एरवी फार विरळा असा एक कर्करोग घेऊन येणारी माणसं पुन्हा पुन्हा फर्निचरच्या कारखान्यातलीच असतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. ही धूळ नुसत्या लाकडाची, त्यात राळ मिसळलेली नसतानाची. आणि ती बंद जागेत हवेत पुरेशी दाटली, ठिणगी मिळाली, तर तिचा स्फोट होतो. २०१५च्या जुलैत इंग्लंडमध्येच बॉस्ली इथे लाकडाचं पीठ करणाऱ्या गिरणीत असा स्फोट होऊन चार कामगार गेले.

आमच्या घरी काम करायला आलेला राजस्थानी पोरगा तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ घासत होता. रुमालाचं वरचं टोक नाकाखाली घसरलेलं, भुवया, पापण्या, कानांवरची लव सगळी पांढरी. विशीसुद्धा ओलांडली नसेल. मी त्याला औषधाच्या दुकानातून नीट बसणारा एन-९५ मास्क आणून दिला. मिस्त्री म्हणाले, “ताई, दोन दिवस घालेल, मग उकडतं म्हणून काढून टाकेल.” मी म्हटलं, “मग दोन दिवसांनी मी पुन्हा सांगेन.” यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी जोडता येते, तशी सोय असलेली यंत्रं आता सहज मिळतात. ती महाग पडतात म्हणून मिस्त्री घेत नाहीत, आणि कामाचा दर ठरवताना आपण प्रत्येक फुटामागे वीस रुपये कमी करून घेतो. त्या वीस रुपयांत ती नळी होती.

कचऱ्याचं व्यवस्थापन म्हटलं की लोक तो निर्माण झाल्यानंतरचं बोलू लागतात. त्याची खरी जागा मला सुताराच्या कानावर खोचलेल्या पेन्सिलीत दिसते. याच मिस्त्रींची एक गोष्ट सांगते. प्लायचा तक्ता ८ फूट लांब, ४ फूट रुंद. कपाटाची दारं ७ फूट उंच, २१ इंच रुंद. एका तक्त्यातून दोन दारं निघतात. उरते कडेची एक लांब पट्टी आणि वरच्या बाजूचा फूटभराचा तुकडा. सगळं मिळून तक्त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. मिस्त्री करवत लावण्याआधी तक्त्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, ड्रॉवरची उंची किती धरलीय तुम्ही?” मी म्हटलं, सहा इंच. “पावणेसहा केली तर चालेल?” कडेची पट्टी होती सहाची, दोन कापांत करवतीचे दोन घास गेले की उरते पावणेसहा. चारही ड्रॉवरांच्या बाजू त्यांनी त्या उरलेल्या पट्ट्यांतून काढल्या. वरचे तुकडे चपलांच्या कपाटात फळ्या म्हणून बसले. एक पूर्ण तक्ता वाचला. दर ठरवताना ते ‘वेस्टेज धरून’ बोलले होते, आणि वाचलेल्या तक्त्याचे पैसे त्यांनी आपणहून हिशेबातून वजा केले. हे कसब आहे, आणि या कसबाला आपण मजुरीत वेगळी किंमत देत नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते वापरायला त्यांना वेळही मिळत नाही.

वाया जाणं आधीच टाळायच्या या विचाराचं सर्वांत देखणं रूप इराण्याच्या हॉटेलात पाहायला मिळतं. तिथली ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, गोल बैठक आणि पाठीला एकात एक दोन कमानी. अशी कमान फळीतून कापून काढायची तर आतलं आणि बाहेरचं कितीतरी लाकूड वाया जाईल, शिवाय लाकडाचे आडवे-तिडवे कापलेले तंतू पहिल्या झटक्यात मोडतील. मिखाएल थोनेट या जर्मन-ऑस्ट्रियन सुताराने बीचच्या सरळ दांड्यांना वाफ दिली, लोखंडी साच्यात वाकवलं आणि तसंच वाळू दिलं. तंतू अखंड, कापणं जवळजवळ नाही. १८५९ साली निघालेली त्याची १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांत होते; सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. त्याच घडणीच्या खुर्च्या मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडे आल्या आणि त्यांच्यावर बसून कितीतरी पिढ्यांनी बनमस्का खाल्ला. वाया जाणारं लाकूड त्याने मांडणीतच टाळलं होतं.

आणि लाकडातलं वैगुण्य म्हणून जे फेकतात त्याचं काय? जॉर्ज नाकाशिमा हा जपानी वंशाचा अमेरिकी कारागीर तरुणपणी पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंद इमारतीच्या कामावर होता, पुढे १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्याने फर्निचर आखून दिलं. चिरलेली फळी तो बाजूला टाकत नसे. चिरेवर फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी आडवी बसवून ती चीर तिथेच थांबवत असे, आणि फळीची सालीकडची वेडीवाकडी कड सरळ न करता तशीच ठेवत असे. त्याच्या टेबलावर सगळ्यांत आधी नजर जाते ती त्या चिरेवर.

आपल्याला यांतलं काही नवीन शोधायचं नाही. फक्त वेगळं ठेवायचं आहे. तुमच्या घरी सुतारकाम निघालं तर पहिल्या दिवशी मिस्त्रींना दोन पोती द्या. एकात निव्वळ लाकूड आणि निव्वळ लाकडाचा भुसा, दुसऱ्यात प्लाय, एमडीएफ, सनमायका. पहिल्या पोत्याला गिऱ्हाईक मिळतंच: एखादा कातारी, शाळेतले हस्तकलेचे शिक्षक, रोपवाटिका, दिवाळीत किल्ला करणारी तुमच्याच इमारतीतली मुलं. कुंडीत घालायचा असेल तर कच्चा भुसा थेट मातीत मिसळू नका. त्यात कार्बन भरमसाट आणि नत्र नावाला, त्याला कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. तो शेणात काही महिने मुरवा, मग घाला. सागाच्या किंवा शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. दुसरं पोतं जाळू नका आणि जाळणाऱ्याला देऊ नका. मोठे तुकडे माळ्यावरच्या फळीला, देव्हाऱ्याच्या पाठीला, शेजाऱ्यांच्या कामाला लागतील ते आधी बाजूला काढा, बाकीचं पालिकेच्या सुक्या कचऱ्यात वेगळं बांधून द्या. काप घेण्याआधी मिस्त्रींबरोबर अर्धा तास तक्त्यासमोर बसा आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना वेगळे द्या. घासणाऱ्या मुलाला मास्क द्या, आणि त्याने काढून ठेवला तर पुन्हा सांगा.